कसबे सासवड : वेशीवरच्या एका गांवाची हकीकत

पुणें शहराच्या आग्नेयेस दिवेघाट चढून पठारावर आलें म्हणजे शहरापासून सुमारें ३० किलोमीटरांवर कऱ्हा नदीच्या कांठीं सासवड लागतें. हल्लीं ह्या गांवाची ओळख 'पुण्याजवळचें सासवड' अशी करून देण्याचा प्रघात आहे. पुरंदर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण असून तेथें नगरपरिषद आहे. तरी अंजीर, सीताफळ व वाटाणा ह्यांच्या हंगामावर चालणारा पंचक्रोशीचा बाजार पाहिला कीं, गांवाचा मूळचा शेतकरी पिंड ध्यानांत येतो. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. दुसऱ्या बाजूनें शहर घाटाखालीं येऊन ठेपलें आहे. फुरसुंगी व उरुळी देवाची हीं घाटाच्या पायथ्याकडचीं गांवें २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत घेतलीं गेलीं व पुढें पुन्हां वगळलीं गेलीं. ह्या घालमेलीवरूनच शहराची वेस कोठें संपते हें शहरासहि नीट ठाऊक नाहीं असें दिसतें.

परंतु जुन्या कागदांचा अभ्यास करणाऱ्यानें 'पुण्याजवळचें सासवड' ही समजूत मनांत धरून दप्तर उघडलें तर त्याची दिशाभूल होईल, असें आमचें मत आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांपुरतें तरी 'सासवडाजवळचें पुणें' असें म्हणणें वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. हें विधान आम्ही गांवाच्या अभिमानानें करीत नाहीं. आमचा जन्म सासवडचा नव्हे. नोकरीच्या निमित्तानें कऱ्हेपठारावर बरींच वर्षें राहणें झालें, इतकाच आमचा त्या भूमीशीं संबंध.

प्रथम नांवाविषयीं. सासवड हें 'संवत्सर' शब्दापासून झालें असें वारकरी परंपरेंत मानतात, आणि संतवाङ्मयांत गांवाचा तसा निर्देशहि येतो. सहा वाड्या मिळून 'सासवड' झालें अशी दुसरी व्युत्पत्ति गांवकरी सांगतात. संस्कृताचें अध्ययन केलेल्या माणसास पहिली व्युत्पत्ति गोड वाटावी हें साहजिक आहे, पण ती मान्य करण्यास आमचें मन धजत नाहीं. 'संवत्सर' ह्यांतील अन्त्य 'र'चा 'ड' कां झाला आणि मधला 'त्स' कसा सरळ झाला, हें सांगतां आलें तरी शेवटचा 'वड' उरतोच. चिंचवड, म्हसवड, सासवड हीं एकाच घडणीचीं नांवें असून त्यांचें उत्तरपद 'वट' किंवा 'वाट' ह्या शब्दांशीं जुळतें. गांवाचें नांव आधींचें असून कोणा विद्वानानें त्यास संस्कृत पोशाख चढविला असावा, असा आमचा तर्क आहे. जुना शिलालेख किंवा ताम्रपट हातीं आल्याशिवाय ह्याचा निकाल लागावयाचा नाहीं. नदीच्या नांवाचीहि अशीच गोष्ट. ब्रह्मदेवाचा कमंडलु कलंडून कऱ्हा वाहूं लागली अशी कथा आहे. संस्कृतांत 'करक' म्हणजे पाण्याचें पात्र. ह्या ठिकाणीं कथा आणि शब्द एकमेकांस इतके चिकटले आहेत कीं, शब्दावरून कथा निघाली कीं कथेवरून शब्द, हें सांगणें कठीण.

गांवाचें प्राचीनत्व देवळांवरून दिसतें. कऱ्हा व चांबळी ह्यांच्या संगमावर संगमेश्वर, नदीकांठींच चांगा वटेश्वर, आणि गांवास लागून सोपानदेवांची समाधि. ज्ञानदेवांचे धाकटे बंधु सोपानदेव ह्यांनीं शके १२१८ च्या मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस येथें समाधि घेतली, अशी परंपरा आहे. ज्येष्ठ महिन्यांत त्यांची पालखी येथूनच पंढरीस निघते, आणि आळंदीहून येणारी ज्ञानदेवांची पालखी दिवेघाट चढून येथें दोन मुक्काम करते. धाकट्या भावाच्या घरीं थोरल्यानें दोन दिवस राहावें तसेंच तें दिसतें. तो घाट चढतांना वारकऱ्यांबरोबर आम्हीहि अनेकदां चाललों आहों. पण तो ह्या लेखाचा विषय नव्हे.

आतां कागदांकडे वळूं. जुन्या लेखनांत ह्या भागाचा पत्ता प्रांत पुणें, तर्फ कऱ्हेपठार, कसबे सासवड असा उतरतो. ह्यांतील 'कसबे' हा शब्द संग्राहकांनीं नजरेआड करूं नये. साध्या खेड्यास 'मौजे' म्हणत. जेथें बाजारपेठ आहे, जेथें सभोंवतींच्या गांवांचे वतनदार व अंमलदार यावयाचे, त्यास 'कसबा' म्हणत. पुणें हेंहि कसबाच होतें, आणि आजहि पुण्यांतील सर्वांत जुनी पेठ 'कसबा' ह्याच नांवानें ओळखली जाते. म्हणजे पुणें व सासवड हीं दोन्हीं गांवें एका पायरीवर होतीं. प्रांताचें नांव मात्र पुण्याचें होतें, हें आमच्या विधानाविरुद्ध जाणारें प्रमाण आम्हींच येथें नमूद करून ठेवितों. पुण्याचें हें मोठेपण मुलुखी व्यवहारांतलें होतें. गांव म्हणून पुण्याची स्थिति नाजूक होती. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्यानें तें उध्वस्त केलें, त्यास लागूनच मोठा दुष्काळ पडला, आणि पुढें शहाजीराजांच्या जहागिरीच्या व्यवस्थेंत त्याची पुन्हां वसाहत करावी लागली.

सासवडाचें महत्त्व दोन गोष्टींमुळें होतें. एक डोक्यावरचा पुरंदर किल्ला आणि दुसरी पायाखालची वाट. किल्ल्याविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो इतिहास सर्वश्रुत आहे. १६४८ सालीं आदिलशाहीकडून फत्तेखान चालून आला तेव्हां खळद-बेलसरच्या रानांत झुंज झाली. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर ह्या युद्धांत पडले असें सांगतात व त्यांची समाधि सासवडास दाखवितात. परमानंदाच्या शिवभारतांत पुरंदरावरील युद्धाचें विस्तृत वर्णन असून मुसेखानास मारणाऱ्या गोदाजी जगतापाचें नांव तेथें येतें. जगताप हें ह्याच पठारावरचें घराणें. शिवभारत दिवेकरांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत ह्या युद्धाविषयीं आपल्याला किती थोडें ठाऊक होतें, हें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे. एक संस्कृत पोथी हातीं आली आणि एका पिढीचा इतिहास उजळला. पोथ्यांच्या लोभाचें समर्थन करावयाचें तर ह्याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. त्या लोभाची दुसरी बाजू पुढें येईलच. १६६५ च्या मार्चअखेरीस मिर्झा राजा जयसिंग पुण्याहून निघून सासवडाच्या टापूंत उतरला, एप्रिलांत वज्रगड गेला, आणि जूनमध्यें किल्ल्याखालच्या छावणींत तह झाला.

वाटेचें महत्त्व मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. पुण्याहून साताऱ्यास जाणारा जुना रस्ता दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरा असा होता. शाहू छत्रपतींची गादी साताऱ्यास स्थिर झाल्यावर ज्या मुत्सद्द्यास एक डोळा साताऱ्यावर व दुसरा उत्तरेकडील मुलुखावर ठेवावयाचा होता, त्याला सासवडाहून सोईचें ठिकाण नव्हतें. बाळाजी विश्वनाथ भट कोंकणांतून वर आले. सासवडाच्या पुरंदरे घराण्यांतील अंबाजी त्र्यंबक ह्यांशीं त्यांचा स्नेह जडला. १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं मांजरी मुक्कामीं बाळाजीपंतांस पेशवेपद मिळालें आणि अंबाजीपंत त्यांचे मुतालिक झाले. पंतसचिवांकडचा पुरंदर किल्लाहि पुढें बाळाजीपंतांकडे आला. पेशव्यांचें बिऱ्हाड सासवडास, आधाराचा किल्ला माथ्यावर, धनी साताऱ्यास, असा तो काळ होता. त्या वेळीं पुणें ही ह्या घराण्याची राजधानी नव्हती. १७१८-१९ च्या दिल्लीच्या स्वारींतून चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्याच्या सनदा घेऊन बाळाजीपंत परत आले ते साताऱ्यास गेले, आणि पुढें थकून विसावले ते सासवडास. तेथेंच त्यांचा अंत झाला. संगमेश्वराजवळ त्यांची समाधि आहे.

ह्या मृत्यूच्या तारखेविषयीं थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी, कारण ह्याच प्रकारची चूक आमच्या पाहण्यांत वारंवार येते. हा मृत्यु शके १६४२ च्या चैत्र शुद्ध पक्षांत, सुहूरसन अशरीन मया व अलफ ह्या वर्षीं झाला. इंग्रजी तारीख कांहीं पुस्तकांत २ एप्रिल १७२० अशी तर कांहींत १२ एप्रिल १७२० अशी छापलेली आढळते. दोन्ही तारखा डोळे मिटून उतरल्या जातात. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ सालीं स्वीकारली. त्यापूर्वींच्या तारखा आपल्याकडील शकावल्यांत बहुधा जुन्या गणनेच्या असतात, आणि २ एप्रिल ही तशीच आहे. जुन्या व नव्या गणनेंतील अंतर सतराव्या शतकांत दहा दिवसांचें होतें. परंतु १७०० हें वर्ष जुन्या गणनेंत लीप धरलें गेलें व नव्यांत धरलें गेलें नाहीं, त्यामुळें त्या वर्षाच्या फेब्रुवारीनंतर अंतर अकरा दिवसांचें झालें. म्हणजे २ एप्रिलची नवी तारीख १३ एप्रिल होते, १२ होत नाहीं. शिवकालीन तारखांस दहा मिळविण्याची संवय लागलेल्या कोणा लेखकाची लेखणी पेशवाईंतहि तशीच चालली असावी, असें आम्हांस वाटतें. हा भेद एका दिवसाचा असला तरी त्यानें वार बदलतो. २ एप्रिल जुनी व १३ एप्रिल नवी हा शनिवार, तर १२ एप्रिल नवी हा शुक्रवार. ज्या कागदावर तिथि व वार दोन्ही आहेत त्याचा खरेपणा आपण वारावरूनच पडताळतों, आणि चुकीच्या रूपांतरामुळें खरा कागद खोटा ठरण्याचा प्रसंग येतो. बाजीरावांस पेशवाईचीं वस्त्रें १७ एप्रिल १७२० रोजीं मिळालीं असें लिहितात. ती तारीखहि जुन्याच गणनेची धरली म्हणजे मध्यें पंधरवडा गेला असें होतें. एक तारीख नवी व दुसरी जुनी धरली तर पांचच दिवस उरतात, आणि त्या पांच दिवसांवर दरबारांतल्या घाईचें एखादें रसभरित वर्णन रचलें जातें.

बाजीरावांनीं पुण्यास राहण्याचें ठरविल्यानंतर चित्र पालटलें. १० जानेवारी १७३० रोजीं शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांति झाली, आणि पुणें वाढूं लागलें. सासवडाच्या पुरंदरे वाड्याचें प्रवेशद्वार व बुरूज पाहून गांवकरी म्हणतात कीं, शनिवारवाडा ह्याच नमुन्यावर बांधला. बांधकामाच्या हिशेबाचा कागद मिळाल्याखेरीज हें आम्ही मान्य करणार नाहीं, पण दोहोंतील साम्य खोटें नाहीं. पुढें पेशव्यांच्या कारभारांत सासवडची माणसें आणि सासवडच्या परिसरांतलीं खेडीं दिसत राहतात. सखारामबापू बोकील हे जवळच्याच हिवऱ्याचे. तोफखान्याचे सरदार पानसे ह्यांचा वाडा सोनोरीस, आणि त्यांनींच १७५७ ते १७६० च्या दरम्यान सोनोरीच्या माथ्यावर मल्हारगड बांधला. सवाई माधवराव १७७४ च्या एप्रिलांत पुरंदरावर जन्मले व कर्नल अप्टनशीं १ मार्च १७७६ चा तह तेथेंच झाला. म्हणजे राजधानी पुण्यास गेली तरी अडचणीच्या वेळीं कारभाऱ्यांचे पाय पुरंदराकडेच वळत.

ह्या काळाचा शेवटहि सासवडाच्या वाड्यांत पाहावयास मिळतो. १८१८ सालीं जनरल प्रित्झलर ह्याची इंग्रज फौज पुरंदर घेण्यास आली तेव्हां पुरंदरे वाड्यांत अरब, सिंधी व हिंदुस्थानी मिळून सुमारें दोनशें माणसें होतीं. लहान तोफांचे गोळे भिंतींवर आदळून परतूं लागले, म्हणून अठरापौंडी तोफा आणाव्या लागल्या. त्यांनींहि भिंतींचें फारसें वांकडें केलें नाहीं, पण आंतल्यांचा धीर सुटला व ते स्वाधीन झाले. लागलीच मार्चांत वज्रगड व पुरंदर पडले. पेशवाईची मुळें ज्या गांवांत रुजलीं त्याच गांवांतला एक वाडा ती संपतांना इतका तग धरून राहिला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आम्हांस कधीं शिकवावयास मिळाली नाहीं.

हा इतिहास आज लिहितां येतो तो मुख्यतः कागद राहिले म्हणून. पुरंदरे दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळानें कृष्णाजी वासुदेव पुरंदरे ह्यांच्या संपादकत्वाखालीं १९२९ पासून तीन भागांत छापलें नसतें, तर पेशव्यांच्या आरंभीच्या पिढीविषयीं आपण बखरींच्या आधारावरच बोलत राहिलों असतों. परंतु तें एका मोठ्या घराण्याचें दप्तर. जोशी, कुलकर्णी, पाटील, गुरव, शेटे ह्यांच्या घरांतल्या लहान रुमालांची वास्तपुस्त कोणी केली नाहीं, आणि ह्या बाबतींत आम्ही स्वतः अपराधी आहों. तो अपराध येथें नोंदवून ठेवणें आमचें कर्तव्य आहे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं कऱ्हेपठारावरच्या एका गांवीं, एका जोशी-कुलकर्ण्यांच्या घरीं पोथ्या आहेत असें कळल्यावरून आम्ही गेलों. घरांत वृद्ध आजीबाई एकट्याच होत्या. त्यांनीं माळ्यावरून एक गांठोडें काढून दिलें. लाल खारव्याच्या एकाच रुमालांत संस्कृत पोथ्या आणि मोडी कागद एकत्र बांधलेले होते. आमची दृष्टि पोथ्यांवर. आम्हीं त्या वेगळ्या काढल्या. मोडी कागदांतला वरचा बंद सहज उलगडून पाहिला. त्यावर कसबे सासवडचें नांव होतें आणि खालीं कोणाच्या मळ्यास कोणत्या दिवशीं पाणी द्यावयाचें अशा पाळ्या लिहिल्या होत्या. एक कोपरा जळका होता. आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, हेंहि न्या कीं. नाहींतर पावसांत भिजून जायचें." आम्हीं म्हटलें, "हिशेबाचे कागद दिसतात, आजी. पुढच्या खेपेस नेतों." पुढची खेप दोन वर्षांनीं झाली. आजीबाई वारल्या होत्या, घर उतरवून जागा सपाट केलेली होती, आणि सामानाबरोबर कागद वजनावर रद्दींत गेल्याचें शेजाऱ्यांनीं सांगितलें.

नेलेल्या पोथ्यांत काय निघालें? मुहूर्तचिंतामणीची एक अपूर्ण प्रत, अमरकोशाचीं दोन कांडें, आणि कांहीं पूजाविधि. ह्या ग्रंथांच्या प्रती महाराष्ट्रांत घरोघर सांपडतात. मुहूर्तचिंतामणीच्या मध्यें एका प्रकरणाच्या पुष्पिकेंत लेखकानें शक दिला आहे, पण गांव दिलेलें नाहीं. ती प्रत कऱ्हेपठारावर लिहिली गेली कीं काशीहून आली, हें सिद्ध करण्यास एकच साधन होतें. तें म्हणजे तिच्याबरोबर त्याच रुमालांत बांधलेले कागद व त्यांवरचें अक्षर. आम्हीं गांठ सोडली त्याच क्षणीं तें साधन नाहींसें झालें. पाळ्यांच्या कागदाचें तर विचारूंच नये. कऱ्हेच्या पाण्याची वांटणी कशी होत असे, त्यांत कोणत्या जातीच्या किती मळेकऱ्यांचा वांटा होता, गांवचे थळ व मळे ह्यांचीं नांवें काय होतीं, हें त्या एका बंदांत होतें. आमच्या स्मरणांत दोन-तीन नांवें उरलीं आहेत असें वाटतें. पण वृद्धाचें स्मरण हा पुरावा नव्हे, म्हणून तीं येथें देत नाहीं.

हें आतांच लिहिण्याचें कारण असें कीं, पठारावर पुष्कळ घरें एकदम मोकळीं होण्याची वेळ आली आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें पुण्याच्या नव्या विमानतळासाठीं पुरंदर तालुक्यांतील जागा जाहीर केली. त्यांत पारगांव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, उदाचीवाडी व वनपुरी हीं सात गांवें येतात. विमानतळ व्हावा कीं न व्हावा हा प्रश्न ह्या त्रैमासिकाचा नव्हे, आणि जमीन ज्यांची त्यांच्या सुखदुःखापुढें कागदांचें दुःख लहान आहे हें आम्ही जाणतों. तथापि खानवडीशीं जोतीराव फुले ह्यांच्या घराण्याचा संबंध आहे एवढेंच लोकांस ठाऊक असतें. बाकीच्या सहा गांवांच्या पांढरीविषयीं छापील असें जवळजवळ कांहींच नाहीं. गांवाची पांढर, शिवारांतल्या थळांचीं नांवें, वेशीजवळचे वीरगळ आणि देवळांच्या ओवऱ्यांतले भग्न दगड ह्यांची टांचणें जमीन हस्तांतरित होण्यापूर्वीं झालीं पाहिजेत, कारण थळाचें नांव हें जमिनीबरोबरच राहतें. तेथें नांगर चालावयाचा थांबला कीं एका पिढींत तें बोलण्यांतूनहि जातें. दिवेघाटाकडून सासवडापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा भूखंड पडूं लागले त्यापूर्वीं ज्या थळनांवांवरून आम्ही वाट विचारीत असूं, त्यांपैकीं कित्येक आजच्या तरुणांनीं ऐकलेलींहि नाहींत.

संग्राहक मित्रांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, रुमाल मिळाला तर तो जसा बांधला आहे तसाच आणावा. पोथी व मोडी कागद वेगळे करूं नयेत. कोणत्या गांवच्या, कोणाच्या घरच्या, माळ्यावरच्या कीं देव्हाऱ्यांतल्या, हें त्याच दिवशीं शाईनें लिहून आंत ठेवावें. रुमालाचें फडकें व दोरा फेंकूं नये. पानें उलगडण्यापूर्वीं त्यांचा क्रम टिपावा. मालकानें कागद देण्यास नकार दिल्यास छायाचित्रें घेण्याची परवानगी मागावी, ती बहुधा मिळते. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत त्याचें साधन असतें, आमच्या वेळीं नव्हतें. मात्र हें सांगतांना आम्ही आमचा दोष साधनांच्या अभावावर ढकलीत नाहीं, कारण त्या दिवशीं आमच्या पिशवींत जागा होती.

पुण्याच्या रद्दीबाजारांत त्या वर्षांत आलेले मोडी कागद कांहीं संग्राहकांनीं ढिगानें खरेदी केल्याचें आम्हांस ठाऊक आहे. अशा कोणाच्या संग्रहीं कसबे सासवडच्या पाण्याच्या पाळ्यांचा बंद असेल तर त्यानें कृपा करून ह्या त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें. खुणेसाठीं सांगतों : कागद जुन्नरी जाड, डावीकडचा खालचा कोपरा जळालेला, आणि रुमालाचें फडकें सोबत राहिलें असल्यास तें लाल खारव्याचें, एका बाजूस पांढऱ्या दोऱ्यानें शिवलेलें. सोबतच्या पोथ्या आमच्याकडे आहेत. कागद मिळाल्यास त्या त्यांच्या जोडीला पाठविण्यास आम्ही तयार आहों.